बँक बुडाली, पण कोणती?

इंग्रजी शिकवणारी पुस्तकं एका बाबतीत फार धीर देतात. एका शब्दाचे पाच-सात अर्थ असले तरी घाबरू नका, असं ती सांगतात. संदर्भ बघा, अर्थ आपोआप कळेल. या धड्याला ठरलेला शब्द म्हणजे ‘बँक’. माणूस पैसे काढायला गेला असेल तर पैशांची बँक, मासे धरायला गेला असेल तर नदीचा काठ. विद्यार्थी मान डोलावतात, गुरुजी फळा पुसतात आणि जग सुरळीत चालू राहतं. हा नियम ज्याने केला त्याने सातपुडा पाहिलेला नव्हता. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या दक्षिण काठावर मणिबेली नावाचं गाव आहे. ‘बँक’ हा शब्द तिथे किती वेशांत येऊन गेला याचा हिशेब मांडायला बसलं की संदर्भ हात वर करतो. ‘बँक बुडाली’, ‘बँकेने ऐन वेळी अंग काढून घेतलं’, ‘बँकेकडे जायला होडी लागते’, ‘बँकेचा काही नेम नाही’ यांतलं कुठलंही वाक्य उचला. मणिबेलीत ते किमान दोन बँकांना चपखल बसतं. कोशकार मात्र या अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असं बजावतात, आणि त्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावून निरनिराळ्या खोल्यांत बसवतात. माझं म्हणणं असं आहे की हे सगळे एकाच घरातले आहेत, एकमेकांना नीट ओळखतात, आणि पाहुण्यांसमोर ओळख दाखवत नाहीत इतकंच.

भाषाशास्त्राचा पुरावा आधी उरकून घेऊ, म्हणजे कंटाळवाणा भाग मागे पडेल. इटलीतले सराफ बाजारात बाकडं टाकून त्यावर नाणी मांडून बसत. त्या बाकड्याला ते ‘बांका’ म्हणत. तीच पुढे बँक झाली. धंदा बुडाला की बाकडं मोडलं असं म्हणायचं; त्या मोडक्या बाकड्यातून इंग्रजीतला दिवाळखोरीचा शब्द निघाला. नदीकाठची बँक आली उत्तर युरोपातून, उतार किंवा उंचवटा या अर्थाने. वरवर पाहता एक सराफकट्ट्यावरची आणि दुसरी चिखलातली. पण व्युत्पत्तीचे जाणकार आणखी खोल खणतात तेव्हा दोघींची मुळं एकाच जुन्या शब्दात सापडतात, आणि त्याचा अर्थ बसण्याजोगा उंचवटा असा काहीसा निघतो. मराठीचा या भानगडीशी संबंध नाही असं समजून कुणी सुटकेचा श्वास टाकत असेल तर जरा थांबावं. आपल्या शाळेतला बाक पोर्तुगीजांच्या ‘बांको’वरून आला आहे. म्हणजे हा शब्द मराठीत दोनदा आला. पोर्तुगीजांबरोबर आला तो बसण्यासाठी, इंग्रजांबरोबर आला तो रांगेत उभं राहण्यासाठी. मराठी माणसाला यांतला कोणता जास्त मानवला, हे सांगायची गरज नाही.

आता इतिहास. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट ठरवून दिली, म्हणजे १३८.६८ मीटर. मणिबेलीच्या काठाचं काय होणार हे तेव्हाच कागदावर ठरलं. पुढे १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. एका बँकेने दुसरी बँक बुडवण्यासाठी रीतसर कर्ज द्यावं, असा हा व्यवहार. कुठल्याही लेखापरीक्षकाने इथे पेन्सिल थांबवायला हवी होती. पण लेखापरीक्षक संदर्भावर विसंबून राहिले असावेत. प्रकल्पाविरुद्ध आरडाओरड वाढली तेव्हा बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीने जून १९९२ मध्ये अहवाल देऊन बँकेला सांगितलं की जरा मागे सरा आणि सगळं पुन्हा तपासा. मोठ्या संस्थेला मागे सरायला सांगितलं की ती आधी बसून घेते. बँकेने बसल्या जागेवरून सहा महिन्यांची मुदत दिली आणि त्या मुदतीत गाठायचे टप्पे ठरवले. या टप्प्यांना इंग्रजीत नाव काय, तर ‘बेंचमार्क’. बेंच म्हणजे बाक, आणि बाक म्हणजे बँक. मुळात बेंचमार्क ही पातळी मोजण्यासाठी दगडात कोरलेली सर्वेक्षकाची खूण. आणि पाणी कुठवर चढणार हे ज्या गावांनी पातळीच्या आकड्यांतूनच ऐकलं, त्यांच्याविषयी बँक आपले कागदी बेंचमार्क तपासत बसली होती. मुदत संपायला आली तेव्हा, मार्च १९९३ च्या अखेरीस, उरलेलं कर्ज आम्हाला नको असं भारत सरकारने कळवलं आणि बँक बाजूला झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. महाराष्ट्रातलं बुडणारं हे पहिलं गाव. बँक गेली आणि बँक बुडाली, एकाच वर्षात. आता कोणती गेली आणि कोणती बुडाली, हे संदर्भावरून ओळखून दाखवा.

इथे मराठीने इंग्रजीला केलेली मदतही नोंदवली पाहिजे. इंग्रज माणूस पैशांची बँक ‘कोसळली’ म्हणतो, आणि काठ पाण्याखाली ‘गेला’ म्हणतो. दोन क्रियापदं असल्यामुळे त्याचा थोडा तरी निभाव लागतो. आपल्याकडे बुडणं सर्वांना एकच. गाव बुडतं, काठ बुडतो, कर्ज बुडतं, बँक बुडते, पोराची शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने मुंबईत भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांचे पैसे अडकले. त्या महिन्यात कुणी नुसतं ‘बँकेने बुडवलं हो’ म्हणून टाहो फोडला असता, तर ऐकणाऱ्याला आधी विचारावं लागलं असतं, ‘दादा, भांडुपचे की सातपुड्याचे?’ आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. पैशांच्या बँकेकडे ग्राहकाला जावं लागतं, ही जुनी रीत. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात काठ स्वतः उठला आणि चढण चढून घरांच्या उंबऱ्याशी आला. ‘शासन आपल्या दारी’ ही मोहीम महाराष्ट्राने २०२३ मध्ये काढली. ‘बँक आपल्या दारी’ मणिबेलीने तीस वर्षं आधी पाहिली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो भाषाभिमानी मंडळींकडून येईल. ‘मराठीत नदीकाठाला कुणी बँक म्हणतं का? आपल्याकडे काठ आहे, तीर आहे, थडी आहे, परिक्रमावासीयांचा तट आहे. पैशांसाठी पेढी आहे. गोंधळ इंग्रजीचा, तो मराठीच्या गळ्यात कशाला?’ आक्षेप बिनतोड वाटतो. पण रक्तासाठी आपण पेढी राखली आणि पैशांसाठी बँक पत्करली, हे आधी कबूल करू. शिवाय एकेका शब्दावर डझनभर अर्थ लादण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. आपल्याकडे माणूस भाकरी खातो, मार खातो, हवा खातो, भाव खातो, डोकं खातो आणि पैसे खातो. यांतला कोणता पदार्थ कोणत्या कार्यालयात मिळतो हे परक्याला कोशातून कळणार नाही. मुख्य उत्तर मात्र वेगळं आहे. मणिबेलीचं भवितव्य ज्या कागदांवर ठरलं ते इंग्रजीत होते. त्या कागदांत कर्ज देणारी बँक आणि बुडणारी बँक एकाच टंकात, कधीकधी एकाच पानावर बसल्या असतील. फरक फक्त मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षराचा. ज्या बँकेचं पहिलं अक्षर मोठं, ती वाचली. जिचं लहान, ती पाण्याखाली गेली. मराठीत मोठी लिपी नाही हे खरं, पण हा नियम आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

काठाची बँक बुडाल्यावर तिच्यात बँकेचे सगळे व्यवहार सुरू होतात, हा माझा सर्वांत भक्कम पुरावा. नदी वाहती असते तोवर गाळ पुढे नेते. तिला अडवून तलाव केला की तो जागच्या जागी बसतो. या बसण्याला भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात ‘डिपॉझिट’ म्हणतात. पाणी ओसरलं की काठाच्या उतारावर हे डिपॉझिट उघडं पडतं, आणि ते पूर्णपणे फिक्स्ड असतं: माणसाचा किंवा गुराचा पाय आत गेला की मुदतीआधी काढता येत नाही. ‘गाळात जाणे’ हा वाक्प्रचार मराठीने दिवाळखोरीसाठी राखून ठेवला आहे, यापेक्षा दूरदृष्टी ती कोणती. बँकेपाशी लिक्विडिटी हवी असं अर्थतज्ज्ञ सांगतात. या बँकेपाशी २१४ किलोमीटर लांबीची लिक्विडिटी आहे. राहिला करंट. वाहत्या पाण्याला इंग्रजीत करंट म्हणतात, तारेतल्या विजेलाही करंटच आणि व्यापाऱ्याच्या खात्यालाही करंट. नर्मदेचा करंट धरणाने काढून घेतला आणि वीजगृहात त्याचा दुसरा करंट केला, एकंदर १४५० मेगावॉटचा. या करंट खात्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. मणिबेली धरणाच्या भिंतीपासून फार लांब नाही, त्यामुळे ते कित्येक वर्षं विजेविना राहिलं. आपल्याकडे जवळच्या माणसाला रांगेत मागे उभं करायची रीतच आहे.

बुडालेल्यांना जमीन द्यायची म्हणजे ती कुठेतरी असायला हवी. लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन सांगितली होती, पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर, तीही ओलिताची, आणि तीही पाणी येण्याच्या आधी. महाराष्ट्राने त्यासाठी तळोद्याच्या जंगलाकडे हात पसरला. शेजारच्या मध्य प्रदेशाने आणखी सुटसुटीत उपाय काढला: ‘लँड बँक’. विस्थापितांना दाखवायच्या सरकारी जमिनींची ती यादी. त्या जमिनी पाहून आलेल्यांच्या तक्रारी अशा की कुठे खडक, कुठे आधीच कुणीतरी कसतंय, कुठे नांगर टेकवायची सोय नाही. ज्यांना ‘बँक’ शब्दाच्या अर्थांत नातं दिसत नाही त्यांनी या टप्प्यावर तरी डोळे उघडावेत. पहिल्या बँकेने पैसे दिले, दुसरी बँक बुडाली, म्हणून तिसरी उघडली, आणि तिसरीत शिल्लक काय तर दगड. संभाषण साधारण कसं होत असेल याची कल्पना करता येते. कारकून म्हणणार, ‘तुमची जमीन बँकेत आहे.’ माणूस म्हणणार, ‘बरोबर आहे साहेब, बँकेतच होती. बुडाली.’ दोघंही खरं बोलताहेत. दोघांच्याही हातात कागद आहेत. आणि दोघांच्या मध्ये इंग्रजीचा कोश उभा राहून सांगतो आहे की या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

चौथी बँक मतांची. हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात म्हैसूरकडच्या एका खेड्याचा अभ्यास करताना चलनात आणला. त्यांना मुळात गावातल्या वजनदार माणसाच्या मुठीतली मतं म्हणायची होती. पुढे राजकारण्यांनी तिच्या शाखा देशभर उघडल्या. आता मणिबेलीचं स्थान पाहा. नंदुरबार हा महाराष्ट्रातला लोकसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ, अक्कलकुवा हा विधानसभेचा क्रमांक एकचा, आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक एक म्हणजे मणिबेली. राज्याची यादी इथून सुरू होते. कामं मात्र यादी शेवटाकडून वाचणाऱ्यांच्या हाती असतात. निवडणूक आली की मतदान यंत्र आणि कर्मचारी पाण्यातून बोटीने केंद्राकडे निघतात, आणि कर्मचाऱ्यांच्या पिशवीत मोबाइलसाठी पॉवर बँक असणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे व्होट बँक उघडण्यासाठी पॉवर बँक घेतलेला माणूस बोटीत बसून बुडालेल्या बँकेवरून चालला आहे. पुस्तकातल्या गुरुजींनी हे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना खुशाल संदर्भ विचारावा. मतांच्या बँकेची एक खासियत आवर्जून सांगण्याजोगी आहे: डिपॉझिट जप्त होतं ते उमेदवाराचं, आणि ठेवीदाराला पासबुक मिळत नाही.

विमान वळताना एका पंखावर कलतं. त्या कलण्यालाही इंग्रजीत ‘बँक’च म्हणतात. हा अर्थ तरी आदिवासी खेड्यापर्यंत येणार नाही, असं कुणालाही वाटलं असतं. पण ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीच्या काठावरून धरणाशेजारच्या केवडियापर्यंत समुद्री विमानाची सेवा सुरू झाली. पाण्यावर उतरणारं विमान, उतरण्याची जागा धरणाजवळचा तलाव. विमानाने तिथे उतरण्याआधी वळण घेतलं, म्हणजे बँक केलं, की मणिबेलीचा मुलूख हाकेच्या अंतरावर. काही महिन्यांत ही सेवा थांबली, आणि एवढा एकच अर्थ गावाला फारसा त्रास न देता परत गेला.

दुसरा आक्षेप जरा गंभीर चेहऱ्याचा आहे: बुडालेल्या गावावर विनोद करू नये. मान्य. पण इथला विनोद लेखणीतून आलेला नाही, तो फायलीत आधीच होता. लेखणीने फक्त आवक-जावक नोंद केली. शिवाय मणिबेलीवर दया करायला निघालेल्यांनी एक माहिती जवळ ठेवावी. १९९४ मध्ये, जागतिक बँकेच्या पन्नाशीच्या वर्षात, ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी एका जाहीरनाम्यावर नावं घातली. मोठ्या धरणांना बँकेने पैसे देणं थांबवावं, ही त्यांची मागणी होती. त्या जाहीरनाम्याचं नाव मणिबेली जाहीरनामा. महाराष्ट्राच्या नकाशात जे गाव बोटाने शोधावं लागतं, त्याचं नाव बँकेच्या मुख्यालयात टपालाने पोचलं. तिथल्या कुणी ते भारतातल्या एखाद्या नव्या पेढीचं नाव समजून कर्जखात्याकडे धाडलं नसेल, अशी आशा करू.

तिसरा आक्षेप बुद्धिमान वाचकांचा: ‘हे सगळं योगायोगाने जुळलंय. शब्द एक म्हणून तुम्ही वस्तू एका माळेत ओवल्या.’ असं असतं तर माळेतला एखादा तरी मणी इकडचा तिकडे करता आला असता. करून बघा. कर्जाशिवाय धरण, धरणाशिवाय बुडीत, बुडिताशिवाय जमिनींची यादी, तलावाशिवाय विमान, हे जमत नाही. कर्जाची जागा दुसऱ्याच्या पैशाने भरून निघते, आणि १९९३ नंतर ती तशी भरलीही गेली. पण कुणाच्यातरी बँकेतूनच ना? योगायोगाला एवढी शिस्त नसते. खरं म्हणजे भारतातल्या कुठल्याही प्रकल्पाला नसते.

या सगळ्यात एक अर्थ राहिला, आणि तो शब्दाचा सगळ्यात साधा अर्थ आहे: चार भिंती, एक खिडकी, दोरीने बांधलेलं पेन आणि ‘जेवणाची वेळ’ अशी पाटी. जागतिक बँक आली आणि गेली, काठाची बँक उंबऱ्यापर्यंत आली, मतांची बँक दर निवडणुकीला येते. पैसे काढायचे तर मात्र मणिबेलीच्या माणसाने डोंगर पालथे घालून मोलगी-अक्कलकुव्याच्या बाजूला जायचं. बाकी सेवांनी पाण्यावर चालायला शिकून घेतलं आहे. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना आहे, मतदान यंत्र बोटीने जातं. बँकेला पाण्याचं वावडं आहे असंही नाही. स्टेट बँकेने २०२१ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात हाउसबोटीवर तरंगतं एटीएम सुरू केलं, पर्यटकांच्या सोयीसाठी. सरदार सरोवर हेही सरोवरच आहे, दलपेक्षा कितीतरी मोठं, आणि मणिबेलीच्या बाजूला पर्यटक नसले तरी खातेदार आहेत. वाचकांपैकी कुणी बँकेत वरच्या खुर्चीवर असतील तर त्यांनी एवढा प्रस्ताव तयार करून पुढे सरकवावा. अर्जात ‘शाखेचे ठिकाण’ या रकान्यात काय लिहायचं ते सोपं आहे: मणिबेली, पाण्यावर.